वेगळ्या शाळा 1954 मध्येच बेकायदा ठरल्या, तरी अमेरिकेत त्या अजून वेगळ्या कशा?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1954 साली काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तर आजही डेट्रॉइटसारख्या ठिकाणी एका शाळेत जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय मुलं आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत जेमतेम चार, हे कसं? जोडीला उपप्रश्न आहे: दोन्ही शाळांची सोय खरोखर सारखी असती, तर ‘वेगळं पण समान’ यात बिघडलं काय असतं? विचारणाऱ्यांचा भाऊ नोकरीसाठी मिशिगनला येतोय आणि शाळांची रेटिंग बघून घर शोधतोय, हेही त्यांनी लिहिलंय. त्याच्याकडे शेवटी येते.

मी 22 वर्षं शाळांच्या हद्दी आखायचं काम करते. इथे प्रत्येक पत्त्याला शाळा नेमून दिलेली असते. नवी वसाहत उठली, एखादी शाळा ओसंडून वाहायला लागली किंवा रिकामी पडली, की कुठली गल्ली कुठल्या शाळेला जोडायची ते नकाशावर नव्याने ठरवावं लागतं. स्क्रीनवर रेघ सरकवली की शेजारच्या तक्त्यातले आकडे हलतात: किती मुलं, किती बस, किती मुलं फुकट जेवणाला पात्र. त्यामुळे माझं उत्तर रेघा, बस आणि अंदाजपत्रक यांच्या बाजूने येईल. भाषणं आणि मोर्चे यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते तुम्ही वाचलंच असेल.

उपप्रश्न आधी घेते, कारण तो सोपा वाटतो आणि लोक तिथेच अडकतात.

‘वेगळं पण समान’ हे सूत्र शाळेतून आलेलं नाही, रेल्वेतून आलंय. लुइझियाना राज्याने 1890 मध्ये गोऱ्यांचे आणि इतरांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. होमर प्लेसी 7 जून 1892 ला ठरवून गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. दिसायलाही तो गोराच, म्हणून ‘मी तुमच्या कायद्याने गोरा नाही’ हे त्यालाच सांगावं लागलं. 1896 मध्ये सुप्रीम कोर्टात तो 7 विरुद्ध 1 असा हरला. कोर्टाचं म्हणणं असं की डबे वेगळे केल्याने कुणी कमी ठरत नाही. कुणाला तसं वाटत असेल तर तो अर्थ त्याने आपल्या मनाने लावलेला आहे. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले आणि त्यांचं ते मत आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. सहसा शिकवत नाहीत ते पुढचं. तीनच वर्षांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा गावच्या कृष्णवर्णीय पालकांचा खटला आला. तिथल्या शाळामंडळाने पैसे पुरत नाहीत म्हणून त्यांच्या मुलांचं हायस्कूल बंद केलं होतं, गोऱ्या मुलींचं मात्र चालू ठेवलं होतं. कोर्टाने एकमताने मंडळाची बाजू घेतली आणि तो निकाल लिहिला याच हार्लन यांनी. सूत्रातला ‘वेगळं’ हा शब्द काटेकोर पाळला गेला. ‘समान’चा हिशेब कुणी मागितलाच नाही.

हिशेब मागितला असता तर काय निघालं असतं? साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 1949-50 साली गोऱ्या मुलामागे 179 डॉलर खर्च होत, कृष्णवर्णीय मुलामागे 43. गोऱ्या मुलांसाठी 30 बस, कृष्णवर्णीयांसाठी एकही नाही. त्या पालकांनी सुरुवातीला वेगळेपणाविरुद्ध अवाक्षर काढलं नव्हतं, फक्त एक बस मागितली होती. ती मिळाली नाही म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. खटल्याला ज्यांचं नाव लागलं ते हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर काम करत. तिथून त्यांना काढलं, आणि त्यांच्या बायकोला मोटेलमधल्या कामावरून.

पण तुमचं ‘समजा सोय सारखीच असती’ हेही प्रत्यक्षात घडून गेलेलं आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाला 1948 मध्ये जॉर्ज मॅकलॉरिन या वयस्क कृष्णवर्णीय शिक्षकाला डॉक्टरेटसाठी प्रवेश द्यावा लागला. प्राध्यापक तेच, व्याख्यान तेच, पुस्तकं तीच. फक्त त्यांचं बाक वर्गाला लागून असलेल्या कोनाड्यात मांडलं. ग्रंथालयात मुख्य वाचनकक्षात बसायचं नाही, वरच्या मजल्यावरच्या एका ठरावीक टेबलाशी बसायचं. जेवायचं टेबल वेगळं आणि वेळही वेगळी. मराठी वाचकाला इथे साताऱ्याच्या शाळेतलं भीमरावांचं गोणपाट आठवल्याशिवाय राहणार नाही. मास्तर आणि फळा तिथेही एकच होता. 1950 मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की असं बसवून शिकवलं तर माणूस इतरांच्या बरोबरीने शिकूच शकत नाही, कारण शिकण्याचा मोठा भाग शेजाऱ्याशी बोलण्या-भांडण्यात असतो.

टोपिका, कॅन्ससची गोष्टही अशीच. ज्या ब्राउन खटल्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे तो इथला. तिथल्या प्राथमिक शाळांच्या इमारती, शिक्षक यांत फार फरक नव्हता. लिंडा ब्राउनच्या घरापासून सात गल्ल्यांवर समनर शाळा होती. पण ती गोऱ्यांची, म्हणून ही मुलगी रेल्वेचं यार्ड ओलांडून बसथांब्यावर जायची आणि दूरच्या मनरो शाळेत पोचायची. इमारतींच्या तक्रारीमागे लपायला जागा नसल्यामुळे कोर्टाला मूळ प्रश्नालाच हात घालावा लागला. 17 मे 1954, नऊ विरुद्ध शून्य.

ब्राउन हे खरं तर पाच ठिकाणच्या खटल्यांचं गाठोडं आहे: कॅन्सस, साउथ कॅरोलायना, डेलावेअर, राजधानी वॉशिंग्टन आणि व्हर्जिनिया. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर व्हर्जिनियाच्या खटल्यात सापडतं, म्हणून तिथे जरा थांबते.

प्रिन्स एडवर्ड काउंटीतलं फार्मव्हिल हे छोटं गाव. तिथलं कृष्णवर्णीयांचं मोटन हायस्कूल 180 मुलांसाठी बांधलेलं. 1951 पर्यंत मुलं साडेचारशेच्या वर गेली. व्यायामशाळा नाही, कॅफेटेरिया नाही, प्रयोगशाळा नाही. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाडे उभे करून त्यांवर डांबरी कागद ठोकला आणि तेच वर्ग. पावसात छत गळायचं. थंडीत शेगडीजवळचं मूल घामाघूम, भिंतीजवळचं कोट घालून कुडकुडतंय. बार्बरा जॉन्स तेव्हा 16 वर्षांची होती. 23 एप्रिल 1951 ला मुख्याध्यापकांना फोन गेला की बसस्टँडवर तुमच्या मुलांचा काहीतरी लफडा झालाय. ते तिकडे धावले. इकडे त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात फिरल्या: सगळ्यांनी सभागृहात या. पडदा उघडला तर स्टेजवर ही मुलगी. तिने पायातला बूट काढून बाकावर आपटला, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला.

मुलांना हवी होती नवी इमारत, एवढंच. रिचमंडहून ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, नव्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही. वेगळेपणच मोडायची तयारी असेल तर बोला. महिन्याभरात 117 विद्यार्थ्यांच्या नावे दावा दाखल झाला. बार्बराच्या जिवाला धोका म्हणून तिला अलाबामात काकांकडे पाठवलं. आणि काउंटीने काय केलं? 1953 मध्ये झटपट नवं मोटन हायस्कूल बांधून दिलं. मुलं गयावया करत होती तोवर पैसे नव्हते. वेगळेपण धोक्यात आलं तसे ते निघाले. (वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला, यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेल्या सेनापती लीचा पुतळा 2020 च्या डिसेंबरात हलवला. त्याच्या जागेसाठी निवड झाली ती या बूट आपटणाऱ्या मुलीची.)

1954 चा निकाल तत्त्वाचा होता. अंमलबजावणीचा निकाल वर्षभराने, 31 मे 1955 ला आला आणि त्यात मुदतच नव्हती. कोर्टाने सांगितलं, विचारपूर्वक पण वेगाने करा. दक्षिणेतल्या राज्यांनी यातला ‘विचारपूर्वक’ तेवढा उचलला. आपल्याकडे ‘यथावकाश कार्यवाही करावी’ असा शेरा पडला की फाइलीचं जे होतं, ते झालं.

सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने व्हर्जिनियाने कायदेच असे केले की कोर्टाच्या हुकमाने एखाद्या गोऱ्या शाळेत कृष्णवर्णीय मूल बसणार असेल तर ती शाळाच बंद. 1958 च्या सप्टेंबरात गव्हर्नरने नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीतल्या शाळांना टाळं लावलं. एकट्या नॉरफोकमध्ये जवळपास 10,000 मुलं घरी बसली, आणि ती गोरी मुलं होती! जानेवारी 1959 मध्ये राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही कोर्टांनी हे कायदे एकाच दिवशी उडवले. तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीने पुढची पायरी गाठली. कुठलाही भेदभावाचा ठराव नाही, कुठली पाटी नाही. 1959 च्या अंदाजपत्रकात शाळांसाठी तरतूदच केली नाही. काउंटीतली प्रत्येक सार्वजनिक शाळा बंद, गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांचीही. म्हणजे बघा, समान वागणूक!

गोऱ्या मुलांसाठी लगोलग खासगी अकादमी निघाली. सुरुवातीचे वर्ग चर्चमध्ये आणि क्लबांच्या खोल्यांत भरले. पुढे राज्याचं शिक्षण-अनुदान आणि काउंटीची करसवलत यांवर ती नीट उभी राहिली. 1,700 च्या आसपास कृष्णवर्णीय मुलांना मात्र काहीच नव्हतं. काही नातेवाइकांकडे परगावी गेली, काहींना क्वेकर पंथीयांच्या संस्थेने दुसऱ्या राज्यांत घरं मिळवून दिली, काही चर्चच्या तळघरात जमेल तसं शिकली, बरीच शेतावर गेली. हे एक-दोन नव्हे, पाच वर्षं चाललं. जुनं मोटन आता संग्रहालय आहे. काही वर्षांपूर्वी तिथे गेले होते तेव्हा बरोबर फिरणाऱ्यांत एक आजी होत्या. शाळा बंद झाली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, उघडली तेव्हा अकरा. ‘कुठल्या इयत्तेत घातलं ते विसरले,’ म्हणाल्या, ‘पण गुडघे बाकाखाली जात नव्हते, ते लक्षात आहे.’

25 मे 1964 ला सुप्रीम कोर्टाने शाळा उघडायला लावल्या. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. आडनाव ब्लॅक, माणूस अलाबामाचा गोरा आणि तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा सभासद राहिलेला. त्यांनी बजावलं की विचारपूर्वक वेगाची मुदत आता संपली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. वेगळं ठेवता येईना, तेव्हा सार्वजनिकच मोडून टाकलं. शाळेत झालं तेच बागा, तलाव, वाचनालयांत झालं. अलाबामातल्या मॉन्टगोमरीने 1959 मध्ये शहरातल्या सगळ्या बागा बंद केल्या, प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकले, पोहण्याचा तलाव बुजवला. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचं सार्वजनिक वाचनालय 1960 मध्ये सगळ्यांना खुलं करायची वेळ आली तेव्हा आधी बंद केलं, मग उघडलं ते खुर्च्या काढून. या, पुस्तक घ्या, चालू लागा. दोन रंगांची माणसं एका टेबलाशी बसायला नकोत. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराचे पाच तलाव होते, चार गोऱ्यांचे आणि एक कृष्णवर्णीयांचा. एकत्र करायचा हुकूम आला तसे शहराच्या मालकीचे चार बंद केले आणि भाड्याने घेतलेल्या एकाचा करार सोडून दिला. हा खटला 1971 मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. या वेळी कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने शहराची बाजू घेतली: तलाव सर्वांनाच बंद, मग भेदभाव कुठला? निकाल लिहिणारे पुन्हा तेच न्यायमूर्ती ब्लॅक. शाळा बंद करता येत नाही, तलाव करता येतो.

महाडच्या दाव्याची हकीकत ज्यांना माहीत आहे त्यांना या युक्तीचं नवल वाटणार नाही. नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाणी घेतलं. तेव्हा ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला की तळं मुळी सार्वजनिक नाहीच, चौधरी मंडळींचं खासगी आहे. हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागायला 1937 उजाडलं. दहा वर्षं वाद पाण्याचा नव्हता, सातबारा कुणाचा याचा होता. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, ती काही शिष्टाचारापुरती नव्हे.

भारतीय माणूस या विभागणीत कुठे बसायचा, हेही ओघात सांगते. मिसिसिपीतल्या एका चिनी मुलीला 1927 मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘तू गोरी नाहीस, कृष्णवर्णीयांच्या शाळेत जा’ असंच सांगितलं, आणि भारतीय माणूस नागरिकत्वापुरता गोरा नाही हे 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरून गेलं होतं. मे 1964 मध्ये जॅक्सनमधल्या एका कॅफेटेरियाने राममनोहर लोहियांना आत घेतलं नाही, पोलिसांनी धरलं, आणि परराष्ट्र खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. अशा जागी वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली ती त्यानंतर, 2 जुलैला.

मग शाळा एकत्र झाल्या तरी कधी? कोर्टाच्या धाकाने कमी, पैशाच्या धाकाने जास्त. 1964 मध्ये, म्हणजे निकालाला दहा वर्षं होऊन गेल्यावर, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी फक्त 2.3 टक्के मुलं गोरी बहुसंख्या असलेल्या शाळांत होती. नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्यांचा केंद्राचा निधी रोखायची सोय केली आणि 1965 च्या शिक्षण कायद्याने तो निधी रोखण्याइतका मोठा केला. त्याच्या जोडीला 1968 चा न्यू केंट काउंटीचा निकाल आला. आमच्या धंद्यातल्या माणसाने तो पाठच करावा. व्हर्जिनियातल्या या काउंटीत दोनच शाळा, न्यू केंट गोऱ्यांची आणि वॉटकिन्स कृष्णवर्णीयांची. वस्ती मिसळलेली. सरळ मधोमध रेघ मारली असती तर दोन्ही शाळा आपोआप एकत्र झाल्या असत्या. तसं न करता मंडळाने ‘पसंतीचं स्वातंत्र्य’ दिलं: ज्याला हवी ती शाळा घ्या. 21 बस एकाच काउंटीत एकमेकींचे रस्ते कापत धावत होत्या, 11 एका शाळेच्या आणि 10 दुसऱ्या शाळेच्या. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॉटकिन्स निवडली नाही. कोर्टाने सांगितलं, निवड दिलीत हे पुरेसं नाही, दुहेरी व्यवस्था मुळासकट काढा, आणि आत्ता काढा. 1988 पर्यंत दक्षिणेतला तो 2.3 टक्क्यांचा आकडा 43.5 वर गेला. शाळा एकत्र करायचा प्रयोग फसला असं जे सर्रास म्हणतात, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि नोकऱ्या गेल्या त्या त्यांच्याच शिक्षकांच्या, हजारोंनी. टोपिकात तर निकालाची वाटही पाहिली नाही. 1953 च्या मार्चमध्येच शाळा-अधीक्षकांनी शिक्षिकांना पत्र धाडलं: खटला तुमच्या बाजूने लागला तर गोऱ्या मुलांना शिकवायला निग्रो शिक्षक ठेवणं लोकांना रुचणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षी नेमणूक होईल असं धरू नका.

आता डेट्रॉइट. इथे वेगळ्या शाळांचा कायदा नव्हताच, आणि म्हणूनच ते मोडणं अवघड गेलं. वेगळेपण शाळेत नव्हतं, घरात होतं. 1930 च्या दशकापासून केंद्र सरकार घरकर्जाला हमी द्यायला लागलं, पण कृष्णवर्णीय वस्तीला ‘धोक्याची’ ठरवून वगळायचं. 1941 मध्ये एका बिल्डरला अशा वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, हमी मिळेना. त्याने मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली. लगेच मिळाली. भिंत अजून आहे, एट माईल रोडच्या दक्षिणेला. एका खेळाच्या मैदानापाशी तिच्यावर रंगीत चित्रं काढलीत. पुढे घरांच्या परसांमागून ती नुसतीच सिमेंटची जाते. मी गेले तेव्हा एकाने तिला टेकून बार्बेक्यू लावला होता.

पूर्वेला ग्रोस पॉइंटमध्ये तर घर घेणाऱ्याला गुण देत. वर्ण किती सावळा, बोलण्यात हेल आहे का, राहणी अमेरिकन वाटते का, हे खासगी गुप्तहेराकडून तपासून. ज्यूंना पास व्हायला 85 गुण लागत. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना परीक्षेलाच बसता येत नसे. 1960 मध्ये हे उघडकीला आलं. आपली माणसं इथे मोठ्या संख्येने आली ती 1965 चा स्थलांतराचा कायदा झाल्यावर, म्हणजे हे सगळं नुकतंच झाकलं गेल्यावर. त्यामुळे आपल्याला वस्त्या अशाच असतात असं वाटत राहिलं.

1970 च्या सुमारास डेट्रॉइटच्या शाळांत सुमारे दोनतृतीयांश मुलं कृष्णवर्णीय होती. शहराच्या आतल्या आत कितीही बस फिरवल्या तरी मिश्रण होणार नव्हतं. म्हणून न्यायाधीश रॉथ यांनी शहरासकट 53 उपनगरी डिस्ट्रिक्ट (म्हणजे आपापल्या शाळा चालवणारे स्वतंत्र स्थानिक विभाग) एका योजनेत घेतले. 25 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने ती योजना 5 विरुद्ध 4 ने उडवली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांची हद्द ओलांडता येणार नाही. ब्राउन खटला लढलेले थरगुड मार्शल तेव्हा न्यायमूर्ती म्हणून बाकावर होते. त्यांनी विरोधात लिहिलं की महानगरांची एक गोरं आणि एक काळं अशी दोन शहरं होऊ देणं आज सोपं वाटेल, पण पुढे लोक त्याबद्दल हळहळतील.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर मला विचाराल तर तो 1974 चा निकाल. प्रिन्स एडवर्डमध्ये लोकांना सार्वजनिक शाळा मोडून खासगी काढावी लागली. इथे काही मोडावं लागलं नाही. गावाची हद्द ओलांडली की शाळा सार्वजनिकच राहते, फक्त ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण ते बदलतं.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही हद्दी आखणारे काय करता? एक म्हणजे आम्ही डिस्ट्रिक्टच्या आत आखतो, दोन डिस्ट्रिक्टमधली रेघ आमच्या हातात नाही. दुसरं म्हणजे 2007 मध्ये सिएटल आणि लुइव्हिलच्या खटल्यात कोर्टाने ठरवलं की एखाद्या मुलाला त्याच्या वंशावरून शाळा देता येणार नाही. एकत्र आणण्यासाठीसुद्धा नाही. त्यामुळे आम्ही उत्पन्नाकडे बघतो, म्हणजे फुकट जेवणाचा रकाना. मिशिगनमध्ये 1996 पासून शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या शाळेसाठी अर्ज करता येतो, पण बाहेरची मुलं घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे ती डिस्ट्रिक्ट ठरवते आणि ने-आण पालकांनी करायची. न्यू केंटच्या ‘पसंती’त निदान बस तरी होती.

तुमच्या भावासाठी कामाचं सांगते. रेटिंगचा आकडा बराचसा परीक्षेच्या गुणांवरून येतो आणि गुण पालकांच्या कमाईच्या मागोमाग जातात. शाळेने मुलाला किती पुढे नेलं हे त्यातून फारसं कळत नाही. मुलं वर्षभरात किती सरकली याचा आकडा वेगळा असतो, तो शोधा. 1994 पासून इथे शिक्षकांचे पगार वगैरे चालू खर्चाचे पैसे मुख्यतः राज्य देतं. इमारती मात्र स्थानिक मालमत्ता कराच्या कर्जरोख्यांतून होतात, म्हणून चकचकीत इमारत बघून शिक्षणाचा अंदाज बांधू नका. एजंटने दाखवलेल्या जाहिरातीतल्या शाळेवर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात पत्ता सांगून शाळा पक्की करून घ्या, हद्दी बदलत असतात. आणि शाळा भरलेली असताना एकदा आत जाऊन या.

काही वर्षांपूर्वी एका उपनगरात हद्दी बदलायच्या होत्या, मी सल्लागार होते. शाळेच्या जिममध्ये सभा. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर तीन नकाशे. अपार्टमेंटांची एक रांग होती, भाड्याची घरं, बहुतेक कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबं. पर्याय ‘ब’मध्ये ती मुलं आणि पलीकडच्या मोठ्या बंगल्यांची मुलं एका शाळेत येत होती. बस दोनने कमी होत होत्या. लोक माइकपाशी येऊन वाहतुकीबद्दल बोलले, ओढ्यावरच्या अरुंद पुलाबद्दल बोलले, ‘आमच्या शाळेची संस्कृती’ याबद्दल बोलले. वंशाचा उच्चार दोन तासांत एकानेही केला नाही. माइकच्या रांगेत आपली चार-पाच मराठी कुटुंबंही होती. सभा संपल्यावर एक गृहस्थ मराठीत म्हणाले, ‘ताई, तुम्ही आपल्यातल्या, आम्ही नऊ रेटिंगसाठी एवढं महाग घर घेतलं, आता ते सातचं करणार का?’ मी त्यांना बसचा हिशेब समजावायला लागले. त्यांनी मध्येच विचारलं, ‘तुमची मुलगी कुठे जाते?’

तसल्याच एका शाळेत जात होती. घर घेताना आम्हीही रेटिंग पाहिलं होतं. तसं मी त्यांना सांगितलं. बोर्डाने पुढच्या महिन्यात पर्याय ‘अ’ मंजूर केला. अपार्टमेंटांची मुलं अजूनही दोन बसमध्ये बसून ओढ्याच्या अलीकडच्या शाळेत जातात.